हॉल तिकिटाचा नमस्कार

मार्च आला की बेंगळूरु गुलाबी होते, असे हल्ली जो तो सांगतो. कोरमंगलात राहणारा माझा नातू दरवर्षी त्या गुलाबी झाडांची छायाचित्रे मला फोनवर पाठवतो आणि खाली लिहितो, ‘आपला मार्च’. आपला नव्हे, बाळा, तुमचा. ज्या रस्त्यांवर पेलाभर कॉफीला जेवणाची किंमत पडते, त्या रस्त्यांचा तो मार्च. आमच्या चामराजपेटेतला मार्च होंगेचा असतो. महाराष्ट्रातले वाचक ज्याला करंज म्हणतात, तेच हे झाड. आठवड्याभरात ते जुनी पाने झाडून टाकते, दोन दिवस निर्लज्जासारखे उघडे उभे राहते आणि तिसऱ्या दिवशी तेल चोपडल्यासारख्या चकचकीत पालवीने भरून जाते. मग फुले. चुरमुऱ्याच्या दाण्याएवढी, फिकट, जांभळट, वास येतो की नाही याचा संशय राहावा इतपत वासाची. झाडाखाली लावलेल्या स्कूटरच्या बैठकीवर, भाजीवाल्याच्या ताडपत्रीवर, शाळेच्या पायऱ्यांवर त्यांचा सडा पडतो आणि कोणी त्याचे छायाचित्र काढत नाही.

एवढ्याशा गोष्टीवरून मी भांडतो, असे घरात म्हणतात. म्हणोत. मी आयुष्यभर गणित शिकवले. पहिली पायरी चुकीची लिहिली की पुढचे सगळे कितीही सुबक असले तरी खोटे असते, हे मला कोणी सांगायला नको. आणि या मोसमात माझ्यावर असा प्रसंग दरवर्षी येतो. होंगे फुलला की कोणीतरी माझीच एक गोष्ट मला सांगू लागतो, आणि पहिली पायरी चुकवतो.

त्या गोष्टीकडे येण्याआधी तो काळ कसा होता, हे सांगितले पाहिजे. परीक्षा आणि लग्नसराई आमच्या पेटेत एकाच वेळी येत. पहाटे गच्चीगच्चीवर दहावीची मुले येरझारा घालत पाठांतर करायची. एका गच्चीवरून रक्ताभिसरण, दुसऱ्या गच्चीवरून विजयनगरचे साम्राज्य. ऊन वर आले की गल्लीतली बँडपथके सरावाला बसत. लाल कोटांच्या बाह्या मागे सारून, दुकानाच्या फळीवर बसून ती माणसे एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवीत, आणि वर्तुळाच्या स्पर्शिकेचा सिद्धांत मी त्या सुरावटीच्या वर आवाज चढवून शिकवीत असे. शिक्षकांच्या खोलीत चक्रमुद्रणाच्या शाईचा वास. सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका हाताळून प्रत्येकाची बोटे निळी. रामनवमी जवळ आली की देवळात पानक मिळे. सुंठीने घसा जळायचा आणि गुळाने लगेच निवायचा. माझ्या मनात परीक्षेची चव ती आहे. भीतीची नव्हे, सुंठ-गुळाची.

आमची शाळा जुनी. आमचे घराणेही जुने. तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर जी मराठी घरे या मुलखात आली आणि परत जायचे विसरली, त्यांतले. पुण्याच्या व्याह्यांना माझे मराठी पुस्तकी वाटते आणि माझ्या पत्नीचे, पद्माचे, कानडी वाटते. दोन्ही आरोप आम्ही फेटाळले आहेत.

शाळेत शिस्त माझ्याकडे होती. ती कोणी दिली नव्हती. पडलेली दिसली, मी उचलली. शिक्षक वर्गात शिरले की मुलांनी उभे राहायचे, हा नियम मी कडकपणे पाळून घेत असे. आता मला कोणी भेटले की म्हणते, सर, तुम्ही आलात की अख्खा वर्ग एका दमात उठायचा, काय तो आदर. आदर कसला? सगळी बाके एकदम फरशीवर मागे सरकली की जो आवाज होतो, तो सुतारकामाचा आवाज आहे. तो मी मागत असे, कारण रस्ता कुठे संपला आणि वर्ग कुठे सुरू झाला हे त्या आवाजाने कळते. त्याच्यापुढचे मागण्याचा मला अधिकार आहे, असे मी कधी मानले नाही. पुढचे मिळवावे लागते, आणि ते मुलांच्या सवडीने मिळते.

मी कडक होतो. अलीकडे काही जुने विद्यार्थी मला आतून मऊ वगैरे ठरवू लागले आहेत. नारळाची उपमाही एकाने दिली. मी आतूनही कडक होतो. चुकलेले गणित कोणी खोडून काळे केले तर मी वही परत फेकत असे. चूक एका सरळ रेघेने कापायची, खालचे वाचता आले पाहिजे; आपण काल काय समजत होतो, त्याचीही लाज बाळगू नये. हे मी शिकवले. याला कोणी आदराचे शिक्षण म्हणत नाही. नमस्काराला म्हणतात.

या वर्षी होंगेला पालवी आली तेव्हा सतीश आला. सतीश माझा जुना विद्यार्थी. त्याचे वडील बेळगावकडून बदलीवर आले ते इथलेच झाले. आता राजाजीनगरात त्याचे फरशा आणि नळांचे मोठे दुकान आहे, आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाचा तो अध्यक्ष आहे. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. आल्याआल्या त्याने पेढ्यांचा डबा ठेवला, तेव्हाच मी सावध झालो.

“सर, औंदा मोठं करालोय आम्ही. हॉल तिकिटाच्या दिवशी पादपूजा ठेवलीय. पहिली तुमची.”

“माझे पाय मी रोज धुतो,” मी म्हणालो. “अजून तेवढे वाकता येते मला.”

“पाय तुमचे न्हाईत सर, गुरूचे हायत.”

“मग गुरूला बोलव.”

पद्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, “स्वल्प थांबा हो. आधी त्याला कॉफी पिऊ द्या, मग भांडा.”

कॉफी पिऊन सतीशने सगळा बेत सांगितला. हल्लीची मुले शिक्षकांना जुमानत नाहीत, बाई वर्गात आल्या तरी कानांत फोनची बोंडे घालून बसतात, हे त्याचे दुःख खरे होते. मी त्याची टिंगल करणार नाही. त्यावर त्याने काढलेला उपाय असा. परीक्षेची हॉल तिकिटे सभागृहातच द्यायची. आधी पादपूजा, मग तिकीट. म्हणजे एकही मुलगा चुकणार नाही. या कार्यक्रमाला माझे नाव द्यायचे, कारण आदर कसा शिकवावा हे केशवराव सरांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. आणि माझे पाय पहिल्यांदा धुणार होती मंगला. त्या दरवर्षीच्या गोष्टीतली मंगला.

“ती कबूल झाली?” मी विचारले.

“झाली की, तिचीच इच्छा हाय. सरांसाठी कायपण, म्हणाली.”

इथे मला गोष्ट सांगितली पाहिजे. सतीशची नव्हे, झाली ती.

हॉल तिकीट द्यायच्या दिवशी नमस्कार घेण्याची प्रथा आमच्या शाळेत माझ्या आधीपासून होती. सरस्वतीच्या तसबिरीपुढे ताटात तिकिटांचा गठ्ठा ठेवत, वर हळदकुंकू आणि शेवंतीची फुले. पुढे ओळीने खुर्च्या मांडत आणि त्यांवर सेवाज्येष्ठतेने आम्ही शिक्षक बसत असू. मुले अनवाणी एकामागून एक येत, प्रत्येक पायांच्या जोडीपुढे वाकत, आणि ओळीच्या टोकाला हेडमास्तर तिकीट हातात देत. त्या दिवशी मुलांना आमचे चेहरे दिसत नसत. पायच दिसत. शिवणाच्या बाईंची झिजलेली जोडवी, व्यायामाच्या मास्तरांचा वाकडा अंगठा, माझ्या पायांवरचा खडूचा पांढरा थर. दहा वर्षे ज्यांनी शिकवले त्यांची शेवटची ओळख अशी गुडघ्याखालची. उदबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरत, आणि ते पाणी सगळेच जण निरोपाचे म्हणून खपवत. मला तो दिवस आवडत असे. हे मी लपवत नाही. खुर्चीत बसून वाकलेल्या केसांवर हात ठेवताना माणसाला फार बरे वाटते. म्हणूनच त्याबद्दल सावध राहायला हवे.

मंगला त्या वर्षी दहावीत होती. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. आमच्याच मागच्या गल्लीत त्यांचे पथक सरावाला बसे. घरात मराठी बोलणारे कुटुंब, कष्टाचे. मुलगी हुशार होती, पण विज्ञानाच्या तासाला बोलायची बंद झाली होती. त्याचे कारण आम्हा सगळ्यांना ऐकून ठाऊक होते आणि आम्ही कोणी ते पाहायला गेलो नव्हतो. विज्ञान शेषगिरी शिकवत. आता त्यांनाही लोक खलनायक करतात; तेही खोटे आहे. शेषगिरींसारखा प्रयोग करून दाखवणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. पण मंगला उत्तराला उभी राहिली की ते हाताची मूठ तोंडाशी धरून, गाल फुगवून ट्रंपेट वाजवल्याचा आविर्भाव करीत. वर्ग हसे. मंगला बसे. एवढेच. रोज.

त्या दिवशी ती ओळीतून आली. सगळ्यांना वाकली, मला वाकली. माझ्या शेजारी शेषगिरी. त्यांच्यापुढे ती सरळ उभी राहिली, एक पाऊल बाजूला सरली आणि पुढच्या खुर्चीपुढे वाकली. टोकाला पोहोचली तेव्हा हेडमास्तरांनी उचललेले तिकीट परत ताटात ठेवले आणि राहिलेला नमस्कार करून ये म्हणाले. ती हलली नाही. मागची ओळ थांबली. हेडमास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले की केशवराव, शिस्त तुमच्याकडे आहे, शिकवा हिला. हे सगळे अर्थातच कन्नडमध्ये झाले. मी मराठीत लिहितो आहे आणि एक शब्दही वाढवत नाही.

मी तिला विचारले, का?

“ते माझ्या अप्पांची नक्कल करतात, सर. त्यांना मी नमस्कार करणार नाही.”

मी शेषगिरींना विचारले, खरे आहे का? ते मोकळेपणाने हसले. गंमत असते हो, म्हणाले, वर्ग जागा राहतो. आणि गंमत कसली ते मला कळावे म्हणून त्यांनी मूठ तोंडाशी नेली आणि गाल फुगवले. ओळीत उभी असलेली काही मुले हसली. दुष्टपणाने नव्हे. सवयीने हसली. त्यांचे हात अजून जोडलेले होते.

त्या हसण्याने मी उठलो. शेषगिरींनी नाही, हेडमास्तरांनी नाही, त्या मुलीच्या धैर्यानेही नाही, हसण्याने. दहा वर्षे आम्ही त्यांना वाकायला शिकवले होते, ती वाकत होती, आणि वाकतावाकता एका माणसाच्या पोटापाण्याला हसत होती. मग शिकवले काय आम्ही?

मी ताटाजवळ गेलो आणि तिचे तिकीट उचलले. हेडमास्तरांनी त्याचे दुसरे टोक पकडले. आम्ही दोघे, चांगले प्रौढ, धोतरवाले, सरस्वतीसमोर एका कागदाची दोन टोके धरून उभे होतो. मी हळूच म्हणालो, “फाटले तर शिक्षणखात्याला कारण लिहून द्यावे लागेल, सर.” त्यांनी टोक सोडले. मी तिकीट मंगलाला दिले. तिने घेतले आणि ती बाहेर पडली.

झाले ते एवढे. सतीश सांगतो की मी गरजलो, मंगला रडत शेषगिरींच्या पायांवर पडली आणि त्या दिवसापासून शाळेत कोणी मान वर करून बोलले नाही. सतीश त्या वेळी ओळीत फार मागे होता; त्याला पुढच्यांची डोकी दिसली असतील. माझा नातू सांगतो की मी भाषण केले आणि प्रथा मोडून काढली. त्याने ते आपल्या मित्रांसाठी कुठेतरी लिहिलेही आहे, खाली माझ्या तरुणपणीचे छायाचित्र लावून. मी भाषण केले नाही. हेडमास्तर माझ्या विचाराने हरले नाहीत, चौकशीच्या भीतीने हरले. आणि प्रथा मोडलीही नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि ओळ पुन्हा चालू झाली. मुले शेषगिरींना वाकली, हेडमास्तरांना वाकली, आणि दोघांनी तर माझ्या रिकाम्या खुर्चीलाही नमस्कार केला. तो रिकाम्या खुर्चीचा नमस्कार मी पाहिला आहे. त्यानंतर मला कोणी आदराची व्याख्या सांगू नये.

शेषगिरी माझ्याशी पुढे बरेच महिने बोलले नाहीत. माझ्यासमोर त्यांनी ती मूठ पुन्हा कधी केली नाही. माझ्यामागे काय केले, ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी माझ्या खात्यावर जमा करत नाही.

आता सतीशने हीच गोष्ट उलटी करून, तिच्यावर माझे नाव कोरून, चालू वर्षाच्या मुलांकडून नमस्कार वसूल करायचे काढले होते. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “सर, तुम्ही उगा तापालाय.” पत्रिका छापून झाल्या होत्या. मी न आलो तरी कार्यक्रम होणार होता, माझ्या नावाने. म्हणजे प्रश्न माझ्या पायांचा राहिला नव्हता. माझ्या नावावर, ज्याच्या कपाळाला माझ्या पायाची धूळ लागणार नाही त्याचे तिकीट ताटात राहणार होते.

पण मला अधिक जाळत होते ते मंगलाचे कबूल होणे. जिने त्या दिवशी सक्तीचा नमस्कार केला नाही ती आता मान तुकवते? दोन दिवस मी घरात धुसफुसत फिरलो. पद्मा म्हणाली, तिलाच विचारा की. मी म्हणालो, मी कशाला विचारू? तिसऱ्या दिवशी मंगला स्वतःच आली. विजेच्या कंपनीत मोठी इंजिनियर आहे ती आता. केस पांढरे झालेत, स्कूटरवर येते. पद्माने तिला कोसंबरी, म्हणजे मूगडाळीची कोशिंबीर, वाढली. मी विचारले, तू पाय धुवायला तयार झालीस?

ती चमचा खाली ठेवून म्हणाली, “तुम्हीच हट्ट धरलात ना? सतीश म्हणाला, सरांची शेवटची इच्छा आहे.”

“शेवटची?” मी म्हणालो.

“मला वाटलं तुमचं वय झालंय, डोकं स्वल्प इकडचं तिकडं झालं असेल. म्हटलं, धुऊ.”

पद्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. सतीशने मला सांगितले होते की मंगलाची इच्छा आहे. मंगलाला सांगितले होते की माझी. लबाड नाही तो. त्याला खरोखर वाटते की माणसे आदरासाठी आसुसलेली असतात आणि कोणीतरी मध्ये पडून तो घडवून आणला पाहिजे. स्थळ जमवावे तसा.

मग मी तिला त्या दिवसाची गोष्ट ऐकवली, माझ्याकडची, म्हणजे खरी. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, “सर, तुमचीही पूर्ण बरोबर नाही.” तुम्ही उठलात तेव्हा माझी पाठ तुमच्याकडे होती, असे तिचे म्हणणे. ती निघालीच होती, दाराकडे चालू लागली होती, आणि मी मागून हाक मारून तिकीट दिले. मी म्हणालो, पाठ नव्हती, तू ताटासमोर उभी होतीस. ती म्हणाली, पाठ होती. असे बराच वेळ चालले. शेवटी पद्मा म्हणाली, “अहो, पाठ तिची. तिला ठाऊक असणार.”

“तिकिटाशिवाय गेली असतीस तर वर्ष गेले असते,” मी म्हणालो.

“गेलं असतं,” मंगला म्हणाली. “नमस्कार गेला नसता.”

मी हे मान्य केलेले नाही. आजही मला ती ताटासमोरच दिसते. पण तेव्हा मी विषय बदलला, कारण हातात काम होते. ती म्हणाली, न जाऊन काही होणार नाही, सर. मुलांची तिकिटे आदल्या दिवशीच वर्गात वाटून टाकायला सांगा, मग ज्याला यायचे तो येईल. ही कल्पना आपली आहे असे मंगला आता सांगत फिरते. मी ती बोलणारच होतो. तोंडात कोसंबरी होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. हल्लीच्या मुख्याध्यापिका समंजस बाई आहेत, कामाने पिचलेल्या. मी माझी अट सांगितली. तिकिटे आदल्या दिवशी, कोणतेही ताट मध्ये न आणता. पाय धुणे नाही. येणे सक्तीचे नाही, हजेरी नाही. हे सगळे झाले तर माझे नाव राहू द्या आणि मी येऊन बसतो. नाही तर ते खोडा. त्यांनी शांतपणे ऐकले आणि फार प्रामाणिकपणे विचारले, “कल्पना चांगली आहे, सर. पण मग येईल कोण?”

मी त्या बाईंचा आभारी आहे. हा प्रश्न आम्ही तेव्हा, खुर्च्यांच्या ओळीत बसलेल्या आम्ही सगळ्यांनी, विचारायला हवा होता. कोणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते.

“तेच बघायला मी येणार आहे,” मी म्हणालो.

घरी पद्माने मला स्वच्छ शब्दांत बजावले. पत्रिकेवर नाव तुमचे, सभागृह रिकामे राहिले तर हसे तुमचे. सतीशचे नाही, बाईंचे नाही. परीक्षा दोन दिवसांवर असताना, हातात तिकीट आलेले असताना, पंधरा-सोळा वर्षांची मुले एका म्हाताऱ्याला बघायला का येतील? मी म्हणालो, न आली तर मला कळेल. तिने विचारले, काय कळेल? जन्मभर ज्या गोष्टीवर मी बोललो, की मान वसूल करता येत नाही, तो मोकळ्या हातानेच मिळतो, ती गोष्ट आता माझ्या खर्चाने तपासली जाणार होती. माझ्याच खर्चाने तपासली जावी, हे योग्यच होते. दुसऱ्यांच्या मुलांच्या तिकिटांवर ती फार वर्षे तपासून झाली.

त्या सकाळी मी पाय स्वतः धुतले, स्वच्छ, टाचांसकट. सतीशच्या गाडीतून गेलो. त्याने तरीही तांब्याचे घंगाळ आणले होते. राहू दे की सर कोपऱ्यात, म्हणाला. राहू दिले. सभागृहात खुर्च्या होत्या, शिक्षक होते, आपापल्या फोनमध्ये होते. मुले नव्हती. मंगला वाहतुकीत अडकली होती आणि तसे फोनवर कळवत होती; मी तिला सांगितले की परीक्षेला हे कारण चालत नाही. मुख्याध्यापिका माझ्याकडे पाहून उगाच हसल्या. पंखा वर घरघरत होता. बाहेरच्या रस्त्यावर बसचा कंडक्टर गाडीवर थाप मारून मार्केट मार्केट असे ओरडत गेला.

सतीश आता सांगतो की त्या वेळात मी सारखा दाराकडे पाहत होतो. मी घड्याळाकडे पाहत होतो. त्या सभागृहात घड्याळ दाराच्या वर लावले आहे, हा माझा दोष नव्हे.

मग एक मुलगी आली. दप्तर पाठीवर, गणिताची वही हातात, बोट पानात घातलेले. तिने ना नमस्कार केला ना नाव सांगितले. ती सरळ माझ्या खुर्चीशी आली आणि म्हणाली, तुम्ही मॅथ्सचे सर ना, ही स्पर्शिकेची पायरी कुठून येते ते कोणी सांगत नाही, पाठ करा म्हणतात. मी तिची वही पाहिली. पायरी बरोबर होती, पण मध्ये एक पायरी गाळलेली होती. पुस्तकानेच गाळली होती. मी उठलो. फळा भिंतीवर होता, खडू कोणीतरी शोधून आणला. मी वर्तुळ काढले. हाताने काढले, अजून गोल येते. त्रिज्या, स्पर्शबिंदू, काटकोन. तिने मध्येच मला थांबवले आणि म्हणाली, असे नको, हळू. मी हळू सांगितले. माझी पाठ दाराकडे होती. कोण आले, केव्हा आले, मागे कोणती बाके सरकली, ते मी पाहिलेले नाही. वळलो तेव्हा लोक होते. कोणी च्युइंगम चघळत होते, त्याला मी ते टाकून यायला सांगितले, आणि तो टाकून परत आला. काही वाकले. काहींनी नुसते हात जोडले. एकाने हात पुढे केला, तो मी हातात घेतला. बरेच जण काहीच न करता नुसते उभे राहिले, फळ्याकडे बघत.

किती मुले आली, यावर आता वाद आहे. सतीशच्या मते सभागृह अर्धेही भरले नाही आणि पत्रिका वाया गेल्या. माझा नातू, जो तिथे नव्हता, तो सांगतो की पाय ठेवायला जागा नव्हती. मंगला उशिरा आली, त्यामुळे तिची साक्ष धरता येत नाही. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की उत्तर आकड्यात द्या, शब्दांत देऊ नका, शब्दांना गुण नाहीत. या एका प्रश्नाचे उत्तर मी शब्दात देतो आहे, आणि ज्याला त्यावर माझ्याशी भांडायचे असेल त्याने चामराजपेटेत यावे, कॉफी मिळेल.

पुरेशी होती.